टाकीतले मासे का जगले

१

शेवंती परबच्या धोबीखान्याखाली नाल्याच्या जाळीला अडकलेले मासे सोमवारी पहाटे आधी कावळ्यांनी पाहिले, मग वसाहतीच्या वॉचमनने, आणि चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत अर्ध्या दहिसरने. चंदेरी पोटं वर करून मेलेले, लहान-मोठे सगळे. त्याच दुपारी उदयाचल औद्योगिक वसाहतीच्या समितीने निकाल जवळजवळ लावूनच टाकला. शुक्रवारी बैठक, आणि बैठकीनंतर शेवंतीचं पाण्याचं कनेक्शन बंद.

समितीचा हिशेब सोपा होता. मासे क्लोरीनने मेले, असं त्यांचे कल्ले तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वसाहतीमागच्या नाल्यात क्लोरीन टाकू शकतील असे दोघेच. एक, वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र. तिथे जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालतात, मग एक दुसरं औषध घालून त्या क्लोरीनलाच मारतात, आणि मगच पाणी नाल्यात सोडतात. त्यांच्या प्रयोगशाळेचा आकडा होता क्लोरीन शून्य. दुसरी शेवंती. हॉटेलांचे टॉवेल आणि नॅपकिन ब्लीचमध्ये बुचकळून पांढरेशुभ्र करणारी. एकाच्या नावे शून्य म्हटल्यावर सगळी बाकी दुसरीच्या नावे.

शेवंती तडक शेजारच्या खोलीत शिरली. तिथे लता खंडारे राहायची. वीस वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसानीचे दावे तपासलेली बाई. कोणाचं गोदाम खरंच जळलं आणि कोणी जाळून घेतलं, हे ती मालकाच्या रडण्यावरून नव्हे तर रडण्याच्या वेळेवरून ओळखायची.

"लता, तू लोकांची लबाडी शोधतंस ना? माका ही एक शोधून दी."

"फी काय देशील?"

"जन्मभर तुझ्या चादरी धुवून देतंय."

"आधी खरं सांग. ब्लीच जास्त पडलं का तुझ्या हातून?"

शेवंतीने दोन्ही तळवे पुढे केले. "ह्या हातांनी कालवतंय मी. माझ्या ब्लीचान व्हाळातले मासे मरतले, तर माझे हात आधी झडतले." नाल्याला नाला न म्हणता व्हाळ म्हणणारी त्या वसाहतीत ती एकटीच.

लताने हात नीट पाहिले. मग चपला घातल्या. "चल. गोदाम जळलं की लोक काय जळलं ते मोजत बसतात. मी आधी काय जळलं नाही ते बघते."

दोघी जाळीपासून वर चालत निघाल्या. एप्रिलचे दिवस, नाल्यात डोंगराकडून बोटभर धार यायची, बाकी सगळं पाणी केंद्राचं. धोबीखान्याजवळ एक डोह होता. मासे राहायचे ते तिथे. शेवंतीची मोरी त्याच डोहात पडत होती. इथवर समितीचा हिशेब बरोबर.

पण लता थांबली नाही. मोरीच्या वर गेली, अजून वर, थेट केंद्राच्या मोठ्या पाइपापर्यंत. पाइपाच्या वरच्या अंगाचे दगड हिरवेगार, शेवाळाने बुळबुळीत, त्यांच्यामधून सुळसुळणारी गप्पी माशांची पिल्लं. पाइपाच्या खालचे दगड मात्र पांढरे. कोणी काथ्याने घासल्यासारखे. किडा नाही, शेवाळाचा डाग नाही. आणि हे थेट धोबीखान्यापर्यंत.

"हे कधीपासून गं?"

"झाले की दिवस, शिमगो झाल्यापासना. मी म्हटलंय, बरां झाला, पाय तरी सरकणत नाय."

शेवंतीचं ब्लीच कितीही जहाल असलं, तरी ते चढ चढून वर जाणार नव्हतं.

२

केंद्राचे व्यवस्थापक सुबोध कर्णिक विलेपार्ल्याचे. पार्ल्याची माणसं वाद घालतानाही पाणी विचारतात. त्यांनी तर पाणी विचारून ते पिऊनही दाखवलं.

"हे आमच्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी," असं म्हणत त्यांनी पेल्यातला घोट घेतला, रुमालाने ओठ टिपले आणि पेला लताच्या नाकाशी धरला. "वास घ्या. अगदी नळाच्या पाण्यासारखा. स्वच्छतेला स्वतःचा एक वास असतो, मॅडम."

लताने वास घेतला आणि मान डोलावली. जमेच्या बाजूला एक नोंद झाली. कसली, ते तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"आणि हा आमचा खरा साक्षीदार." कर्णिकांनी स्वागतकक्षातल्या काचटाकीकडे हात केला. आत सोनेरी मासे संथ फिरत होते. "टाकीत पाणी कुठलं, तर त्याच पाइपाचं. आठवड्याला बदलतो. नाल्यातले मासे आमच्या पाण्याने मेले म्हणता? मग हे कसे जगले?"

प्रश्न चोख होता. लताने तो मनात दोनदा वाचला.

"आवडतात वाटतं मासे तुम्हाला?"

"म्हणजे काय. माझीच कल्पना." कर्णिकांनी काचेवर टिचकी मारली. मासे तळाशीच राहिले. पार्ल्याच्या माणसात त्यांना काही रस दिसला नाही.

"रविवारी काही वेगळं घडलं होतं का इथे?"

"वेगळं असं नाही. पुढच्या आठवड्यात पाहणी आहे, आदर्श केंद्राचा मान मिळायचा आहे. म्हणून शनिवारीच मी क्लोरीनचा डोस वाढवायला सांगितला. जंतू शून्य हवेत मला. क्लोरीन जास्त झाला तरी बिघडत नाही, पुढचं औषध त्याचा निकाल लावतं."

तेवढ्यात दार ढकलून एक हसरा तरुण चहाचे कप घेऊन आत आला. खांद्यावर टॉवेल, चालीत ढोलाचा ठेका. "शिपाई सुट्टीवर, म्हणून सुपरवायझरच्या हातचा चहा. झकास आहे, घ्या ताई."

"हा नितेश घाडी," कर्णिक म्हणाले. "सगळी यंत्रं याच्या हाताखाली."

"शेवंतीमावशीच्या गावचा मी," नितेशने हसत भर घातली. "तिनेच चिकटवलं इथे. ती नसती तर अजून गावात आंबे राखत बसलो असतो."

तो टाकीपाशी उभा राहून बोलत होता. लता चहा पीत त्याच्याकडे पाहत होती. म्हणजे तसं वाटत होतं. खरं तर ती त्याच्या कोपरामागे पाहत होती, आणि तिथे जे चाललं होतं ते पाहून तिचा चहा ओठाशीच थांबला.

"मासे तू सांभाळतोस का रे?"

"मी? छे. ते साहेबांचं खातं. आपलं काम पंपांचं."

३

पंपांच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर डोळे चुरचुरले. नितेशने लताला सगळं रसभरीत सांगितलं, जत्रेत पाळणा दाखवावा तसं.

"हा एक नंबर. क्लोरीन सोडतो. जंतूंची वाट लागली म्हणून समजा. हा दोन नंबर. औषध सोडतो, की क्लोरीनची वाट लागली. मग पाणी गाईसारखं गरीब होऊन नाल्यात जातं."

"दोन्ही चालू?"

"एकदम. ऐका ना घरघर."

घरघर होती खरी. लताने पहिल्या पंपावर हात ठेवला. तापला होता. दुसऱ्यावर ठेवला, आणि तळवा ओढणीला पुसला.

"शिमग्याला गावी गेला होतास?"

"आता ताई, हे काय विचारणं झालं. नोकरी जाईल एक वेळ, पालखी नाचवायला नाही गेलो तर गाव तोंड बघणार नाय माझं. चांगली दोन शनिवारांची सुट्टी मारली."

"मग इथे कोण बघत होतं?"

"यंत्रं ती. त्यांना काय शिमगा असतो? चालत होती आपली." तो पुन्हा हसला, पण या वेळी हसू थोडं उशिरा आलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "ताई, एक बोलू? मावशीला सांगा, कबूल करून टाक. चुकून डबा कलंडला म्हणावं. समिती पण माणसंच आहेत, दंड करून सोडतील. उगाच ताणलं तर धंदा जाईल तिचा. वाईट वाटतं यार."

"तुझं मन मऊ आहे."

"आहे ना. तेच तर लफडं आहे."

लता बाहेर आली. वीस वर्षांत तिने एक गोष्ट पारखून ठेवली होती. निर्दोष माणूस दुसऱ्याला धीर देतो. कबुली द्यायचा सल्ला सहसा तो देतो, ज्याला फाइल लवकर बंद व्हायला हवी असते. पण सल्ला म्हणजे पुरावा नव्हे. आणि प्रयोगशाळेचं शून्य अजून आपल्या जागी तसंच बसलं होतं.

४

ते शून्य लिहिणारी मानसी तावडे कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. प्रामाणिकपणा चेहऱ्यावर मुरमांसारखा उमटलेला. तिने स्वतः रोज पाइपाशी जाऊन नमुना घेतला होता. रविवारी आणि सोमवारीसुद्धा.

"पाणी बाटलीत भरलं, इथे आणलं, तपासलं. मॅडम, खरंच शून्य आलं. मी आकडा रंगवलेला नाही."

"माझा विश्वास आहे. बाटली दाखव."

मानसीने कपाटातून एक सीलबंद प्लास्टिकची बाटली काढली. लताने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. तळाला पांढरी कणी चिकटली होती, साखर सांडल्यासारखी.

"धुतली नाही वाटतं?"

"नाही नाही, ते असतंच. बाटली तशीच येते. जंतूंच्या तपासणीची बाटली आहे ना. पाण्यात क्लोरीन असेल तर तो इथे येईपर्यंत वाटेत जंतूंना मारतच राहतो. मग खरा आकडा कळत नाही. म्हणून आत ही पावडर असते, ती बाटलीतला क्लोरीन लगेच..."

मानसी थांबली. तोंड उघडंच राहिलं.

लताने घाई केली नाही. अशा वेळी माणसाला स्वतःच पायरी उतरू द्यावी.

"...मारते," मानसी हळूच म्हणाली. ती स्टुलावर बसली. "म्हणजे मी क्लोरीनची तपासणी क्लोरीन मारणाऱ्या बाटलीतून करत होते. कितीही असता तरी शून्यच आलं असतं."

"पहिल्यापासून हीच बाटली?"

"नाही. क्लोरीनसाठी वेगळ्या काचेच्या बाटल्या होत्या, साध्या. शिमग्याला मीही सुट्टीवर होते; परत आले त्याच दिवशी सगळ्या फुटलेल्या मिळाल्या. नवीन येईपर्यंत दोन्ही तपासण्या एकाच बाटलीतून कर, असा साहेबांचा निरोप आला. मी नवीन, सर म्हणाले म्हणून केलं." तिचे डोळे भरले. "मॅडम, शेवंतीमावशी रोज मला हाक मारून कोकम सरबत देतात."

"रडायचं शुक्रवारनंतर. तोवर हे कोणालाही बोलायचं नाही. आणि निरोप घेऊन कोण आलं होतं, ते माझ्या कानात सांग."

मानसीने सांगितलं. लताने डोळे मिटले. वाटलं होतं तेच नाव होतं, आणि तरी ते असू नये असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

कारण नाव कळून भागणार नव्हतं. बाटल्या अपघाताने फुटतात, निरोप ऐकताना चुकतात, पंप नकळत बंद पडतात. समितीपुढे प्रत्येकाला मला काय ठाऊक, असं म्हणता आलं असतं. पाण्यात क्लोरीन आहे हे कोणाला आधीपासून माहीत होतं, हे दाखवायला हवं होतं. आणि याचे साक्षीदार फक्त काचेपलीकडे होते, ते बोलत नव्हते.

५

शुक्रवारी लताने समितीची बैठक स्वागतकक्षातच भरवली. सचिव कुरकुरले, पण पंखा तिथलाच चांगला होता. शेवंती इस्त्रीची साडी नेसून कोपऱ्यात बसली होती, हात मांडीवर, तळवे वर. कर्णिक, मानसी, नितेश टाकीजवळ उभे.

लताने मानसीला दोन बाटल्या भरून आणायला पाठवलं होतं. एकाच पाइपाचं पाणी, एक नेहमीच्या बाटलीत, एक साध्या काचेच्या. लताने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "पोहण्याच्या तलावावर वापरतात त्या गोळ्या. पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं."

पहिल्या बाटलीत गोळी पडली, विरघळली. पाणी तसंच. "बघा," कर्णिक म्हणाले, "शून्य."

काचेच्या बाटलीत गोळी पडली. पाणी जांभळट गुलाबी झालं, लग्नातल्या सरबतासारखं. खोलीतल्या खुर्च्या करकरल्या.

कर्णिकांचा चेहराही त्याच रंगाचा झाला. मानसीने पावडरीची गोष्ट सांगितली, एकदाही न अडखळता.

"हा निरोप मी दिलाच नव्हता," कर्णिक म्हणाले. "बाटल्या फुटल्याचंच मला आज कळतंय. आणि मॅडम, मी हे पाणी रोज पितो."

"म्हणूनच तुमच्यावरचा माझा संशय गेला. क्लोरीन शून्य असलेल्या पाण्याला नळाचा वास येत नाही, कर्णिक. तो वास क्लोरीनचाच. तुम्हाला ठाऊक असतं तर तो पेला माझ्या नाकाशी धरला नसता. तुम्ही त्याला स्वच्छता समजून कौतुकाने पीत राहिलात."

कर्णिकांनी रुमाल काढला, पण टिपायला काही सापडलं नाही.

सचिव म्हणाले, "मग टाकीतले मासे कसे जगले?"

"मलाही तेच बघायचंय." लताने बाकाखालची बादली पुढे ओढली. "मानसीने आत्ताच पाइपाचं पाणी आणलंय. टाकीत पाणी हेच असतं ना? मग मासे यात सोडू. जगले तर केंद्राच्या पाण्यात दोष नाही, आणि शेवंतीचा धोबीखाना आजच बंद. कर्णिक, जाळी घ्या."

शेवंतीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत आपल्या शेजारणीबद्दल पहिल्यांदाच शंका आली.

कर्णिकांना आपली लाज राखायची ही शेवटची संधी वाटली. त्यांनी जाळी टाकीत घातली, सोनेरी मासा वर काढला. तो पाणी निथळत तडफडला. जाळी बादलीवर आली.

"यात नको, साहेब."

नितेशचा हात बादलीवर आडवा होता. तो तिथे कधी गेला हे त्यालाही कळलं नसावं.

"का रे?" लताने अगदी मायेने विचारलं. "समितीच्या कागदावर अजून शून्यच आहे."

"मरेल तो," नितेश म्हणाला. "खडा टाकल्याशिवाय..."

मासा कर्णिकांनी स्वतःच परत टाकीत सोडला.

"खडा," लता म्हणाली. "मासे पाळणारे लोक नळाच्या पाण्यात घालतात तो, क्लोरीन मारणारा. जे मानसीच्या बाटलीत असतं तेच, जरा मोठ्या तुकड्यात. परवा तू चहा घेऊन आलास तेव्हा टाकीतले सगळे मासे तुझ्या कोपराशी गोळा झाले होते. साहेबांनी काच वाजवली तर एकही हलला नाही. मासे खायला घालणाऱ्याला ओळखतात, नितेश. आणि तू म्हणालास, ते साहेबांचं खातं. मासे सांभाळणं हा काही गुन्हा नाही. मग खोटं का बोललास? दुसऱ्या पंपावर मी हात ठेवला तेव्हा तो थंड होता, आणि माझ्या तळव्याला धूळ लागली. घरघर एकाच पंपाची होती."

"शिमग्याला निघताना औषधाचं पिंप भरायचं राहिलं," नितेश जमिनीकडे बघत म्हणाला. "परत आलो तर पंप कोरडाच फिरून जळलेला. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करून घेऊ, कळणार नाय कोणाला. बाटल्या मी फोडल्या, साहेबांच्या नावाने निरोपही मीच दिला. टाकीत पाणी बदलायचो तेव्हा खडा टाकायचो. नाल्यात थोडा थोडा क्लोरीन जात होता, मासे टिकत होते. मग साहेबांनी शनिवारी डोस वाढवायला लावला. तेव्हा बोललो असतो तर..."

६

शेवंती उठली. हळूहळू त्याच्यासमोर आली. गावी ती त्याच्या आईशेजारी भात लावायची; मुंबईत आल्यावर तो पहिले कित्येक महिने तिच्याच पोटमाळ्यावर झोपला होता. सगळ्यांना वाटलं ती मारेल. मारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"ह्या माशांचो जीव दिसलो तुका," ती म्हणाली. "माझो नाय दिसलो?"

नितेशने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढली, तीत साखरेच्या खड्यांसारखे खडे होते, आणि ती बाकावर ठेवली. ठेवली आणि टाकीकडे एकदा बघितलं.

शेवंतीने पुडी उचलून मानसीच्या हातात दिली. "हां घे. तू घालीत जा ह्यांका. माशांनी काय वायट केल्यानी?"

समितीने कनेक्शन तोडायचा ठराव फाडून टाकला. क्लोरीन तिथल्या तिथे बंद झाला आणि नवा पंप बसेपर्यंत केंद्राचं पाणी नाल्यात न सोडता टाक्यांत अडवून ठेवायचं ठरलं. नितेशला कामावरून दूर केलं, आणि त्याचा जबाब प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांकडे गेला. कर्णिकांनी आदर्श केंद्राचा अर्ज आपणहून मागे घेतला. जाताना त्यांनी लताला विचारलं, या सगळ्यात आपल्या नावे किती. "डोस तुमचा, लपवाछपवी त्याची," लता म्हणाली. "आणि पाणी पिताना जरा आधी हुंगत जा."

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी लता चादरींचं गाठोडं घेऊन धोबीखान्यात गेली. फी वसूल करायला. शेवंती टोपली घेऊन व्हाळात उतरली होती. पाइपाच्या खालचे दगड आता पांढरे राहिले नव्हते. त्यांच्यावर पोपटी साय धरली होती आणि सायीवरून वरच्या अंगाची गप्पी पिल्लं खाली डोहाकडे निघाली होती.

लता हाक मारणार, तोच शेवंतीचा पाय दगडावरून सटकला. टोपली एकीकडे, टॉवेल दुसरीकडे, आणि ती गुडघाभर पाण्यात बदकन बसली.

"लागलं का गं?" लता धावली.

शेवंतीने दगडावर हात फिरवला. बोटं हिरवी झाली. तिने ती लताला दाखवली, लहान मुलीने मेंदी दाखवावी तशी, आणि तिथेच पाण्यात बसून हसत सुटली.

"सरकलंय गे, लता. माझो पाय सरकलो."